गावकूस, वेस आणि माग

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२५ च्या फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पुण्याच्या स्वारगेट बसस्थानकात २५ तारखेच्या पहाटे, उभ्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाल्याची तक्रार आली आणि पोलिसांना हवा असलेला माणूस शिरूर तालुक्यातल्या गुनाटचा निघाला. मग शंभरावर पोलीस, श्वानपथक आणि आकाशात घिरट्या घालणारे ड्रोन गुनाटच्या शिवारात दाखल झाले. खाली पाहावं तर माणसाच्या डोक्यावरून जाणारा ऊस. त्या उसात हत्ती शिरला तरी दिसायचा नाही, मग माणसाचं काय! गावकरीही पोलिसांबरोबर सरीसरीतून फिरत होते. २७ तारखेच्या मध्यरात्रीनंतर आरोपी सापडला. तहानेनं व्याकूळ होऊन तो रात्री एका घरी पाणी मागायला आला आणि त्यावरून ठावठिकाणा लागला, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं. पुढचा भाग न्यायालयाचा. मला त्यात शिरायचं नाही.

गुनाटच्या शेजारचं गाव निमोणे. तिथे माझं येणं-जाणं आहे. त्या आठवड्यानंतर गेलो तेव्हा पारावर अर्थातच हाच विषय होता. एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ गप्प बसले होते. शेवटी म्हणाले, "एवढी यंत्रं आली, पण शेवटी घावला तो पाण्यापायी अन् गावाच्या डोळ्यापायी. आमच्या आज्याच्या वेळेला माग काढणारी माणसं होती, माग!"

तो 'माग' शब्द माझ्या डोक्यात राहिला. हल्ली स्वसंरक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कराटेचा वर्ग येतो, नाहीतर पर्समधला मिरचीचा फवारा. दोन्हींबद्दल मला आदर आहे. पण शिरूर-दौंडसारख्या उघड्या, कोरड्या मुलखात ना फौज जवळ, ना पोलीस ठाणं. अशा ठिकाणी साधी माणसं शेकडो वर्षं स्वतःला कशी सांभाळत आली, हा प्रश्न त्या दिवसापासून मनात घोळतो आहे.

सुरुवात फार मागून करता येते. याच शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्तीच्या वस्ती उघडी केली. त्या वस्तीशेजारी दगड-मातीचा बांध सापडला आणि पाण्याचा चरही. बांध पुराचं पाणी अडवायला. म्हणजे या भागातली मला ठाऊक असलेली सर्वांत जुनी संरक्षक भिंत बांधताना नजर होती ती नदीवर. माणसाचं भय नंतर वाढलं असावं, किंवा त्याच्या खुणा मातीत टिकल्या नसतील.

पेशवाईच्या अखेरीस मात्र भयाची काही कमतरता नव्हती. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. लढाई एका दिवसाची, पण फौजा ज्या वाटेनं येतात आणि जातात त्या वाटेवरच्या गावांचं काय होतं ते इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत उरकतात. कणगी रिकाम्या होतात, वैरण जाते, बैल जातात. पाठोपाठ पाऊस हुकला आणि १८०३-०४ मध्ये पुणे-नगरकडे मोठा दुष्काळ पडला. त्यानंतरची काही वर्षं पेंढाऱ्यांच्या धास्तीची. घोडेस्वार टोळी येणार, दोन-चार तासांत हाती लागेल ते घेणार, आणि दुसऱ्या टोकाला निघून जाणार. अशा टोळीपुढे एकट्या शेतकऱ्याची काठी काय कामाची?

म्हणून गाव स्वतःच एक आडोसा झालं. आपण 'गावकूस' म्हणतो ती कूस म्हणजे वस्तीभोवतीची मातीची, क्वचित दगडाची भिंत. तिला वेस. वेशीला मोठे लाकडी दरवाजे आणि त्या दरवाजात एक लहानशी दिंडी. दिंडीची गंमत अशी, की आत येणाऱ्याला वाकावं लागतं, आणि एका वेळी एकालाच येता येतं. वाकलेल्या माणसाला तलवार उगारता येत नाही. घरांचंही तेच. या बाजूची जुनी माळवदी घरं आठवून पाहा. रस्त्याकडे खिडकी नाही, आतल्या चौकात उजेड, धाब्याला साणं, दार बुटकं, दारामागे भिंतीतून सरकणारा अडसर. शहरातून आलेला पाहुणा म्हणतो, किती कोंदट! कोंदट खरंच, पण ते घर हवेसाठी बांधलेलंच नव्हतं. ते बांधलं होतं रात्रीसाठी. धान्य पेवात, म्हणजे जमिनीच्या पोटात. वर शेणानं सारवलं की कुठे काय आहे ते घरच्या माणसालाच ठाऊक. आणि सगळ्यात शेवटी पाटलाची किंवा देशमुखाची गढी: उंच भिंत, कोपऱ्यावर बुरूज, भिंतीला जंग्या. टोळी आलीच तर बायका-मुलं, गुरंढोरं गढीत घ्यायची आणि टोळीची घाई संपेपर्यंत दम धरायचा. लुटारूंना वेढा घालून बसायला सवड नसते. गावाचं सगळं गणित त्यावर उभं होतं.

भिंत मात्र भिंतीचंच काम करते. ती ऐकत नाही, ओळखत नाही. ते काम माणसांचं.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं पुढच्या वर्षी जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात गावच्या राखणदारीची हकिगत तपशिलानं आली आहे. चोरी झाली की जबाबदारी पाटलाची, आणि पाटील पुढे करणार तो गावच्या जागल्याला. आपल्याकडे तो बहुधा रामोशी. आणखी उत्तरेला भिल्ल. जागल्याचं पहिलं काम म्हणजे गावातल्या प्रत्येक माणसाची चालचलणूक ठाऊक असणं. कोण कधी घरी येतो, कोणाचा हात सैल झाला आहे, कोणाकडे नवा पाहुणा आहे. दुसरं काम रात्रीची गस्त आणि हाळी. तिसरं म्हणजे माग.

चोरीच्या ठिकाणचं पाऊल शोधायचं. ते कुणी पुसू नये म्हणून वर टोपली किंवा भांडं पालथं घालायचं. लांबी-रुंदी काडीवर मापून घ्यायची, आणि निघायचं. चपलेचा टाका, अंगठ्याचा कल, लंगडी चाल, ओझं घेतलेल्याची टाच किती रुतते, हे सगळं त्या माणसांना वाचता येई. माग शिवेपर्यंत नेला की पुढच्या गावच्या जागल्याला बोलवायचं आणि तो त्याच्या हवाली करायचा. त्यानं तो पटवून घेतला की पहिला मोकळा. मग दुसरा तिसऱ्याच्या शिवेपर्यंत नेणार. असा तो माग गावोगाव चाले आणि ज्या गावात हरवे ते गाव चोरीला जबाबदार! चोरीच्या मालाची भरपाई जागल्यानं ऐपतीप्रमाणे करायची, उरलेली गावानं.

पाहा, यात किती शहाणपण आहे. चोराला आसरा देणं कुठल्याच गावाला परवडत नाही. शेजारच्या गावातली चोरी ही 'त्यांची भानगड' राहत नाही, कारण उद्या माग आपल्या शिवेत येऊन थांबला तर पैसे आपल्याला मोजायचे आहेत. आज आपल्याकडे हद्दीचा वाद होतो तो बहुतेक वेळा 'हे आमच्या हद्दीत येत नाही' एवढं म्हणण्यापुरता. तेव्हा हद्द म्हणजे काम हाती घेण्याची जागा होती.

पण यात अन्यायही तेवढाच होता, आणि तो एल्फिन्स्टनच्याही नजरेतून सुटला नाही. पूर्ण भरपाई घेणं उघडच अन्यायाचं, म्हणून ती क्वचितच पुरती घेतली जाई, बहुधा काहीतरी दंड होई, असं त्यानं नोंदवलं आहे. ज्याच्या घरी उद्याची भाकरी नाही त्यानं दुसऱ्याच्या सोन्याची हमी घ्यायची, असा तो व्यवहार. पाऊस पडला, वारा सुटला, गुरांचा कळप माग तुडवून गेला, तरी दोष जागल्याचा.

आणि वेशीवरचा वेसकर? तो महार. शिवेच्या खुणा त्याला पाठ. सरकारी पैसा तो पोचवणार, वाटसरूला पुढच्या गावापर्यंत तो सोबत करणार, रात्री-अपरात्री येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस तो करणार. संध्याकाळी वेशीचे दरवाजे लागत. गावकुसाच्या आत सारं गाव सुरक्षित, आणि ज्याच्या जागरणावर ते निजलं आहे त्याचं घर, त्याची बायको-मुलं कुसाबाहेर. पेंढारी आला तर पहिली झोपडी त्याची. आपल्या 'सुरक्षित' जुन्या गावाचं कौतुक करताना मला या जागी दर वेळी थांबावं लागतं. या कामाच्या मोबदल्यात मिळणारं वतन म्हणजे जमिनीचा तुकडा आणि घरोघरचं बलुतं. त्याबदली चोवीस तासांची राबणूक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते याच जोखडाविरुद्ध. ही कनिष्ठ गावकामगार वतनं अखेर १९५८ च्या कायद्यानं गेली.

रामोशांचं तर आणखी वेगळं झालं. गडकिल्ल्यांची आणि गावांची राखण करणारे लोक. नव्या राज्यात गडांची राखण गेली, हक्क गेले. उमाजी नाईकांचं बंड त्यातून उभं राहिलं. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्यांना फाशी दिलं. पुढे १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला, १९११ च्या कायद्यानं त्याचा पसारा वाढला, आणि जन्मानंच माणूस चोर ठरू लागला. तो कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी हे नाव आहे ते या इतिहासामुळे. ज्यांनी चोराचा माग काढला त्यांच्याच दारावर चोर म्हणून पाटी लागली!

इंग्रजी अमलात कुसाची गरज संपली. शिरूरला, म्हणजे घोडनदीला, इंग्रजांची छावणी पेशवाई असतानाच पडली होती. कोरेगावच्या लढाईला गेलेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री तिथूनच निघाली. (याच छावणीतला कर्नल वॉलेस नावाचा अधिकारी १८०९ मध्ये वारला. त्याच्या थडग्याला आसपासचे लोक 'सत्पुरुष' म्हणून नैवेद्य दाखवू लागले. राखणारा कोण, हे लोक आपल्या हिशेबानं ठरवतात.) कुसाची डागडुजी थांबली, दरवर्षीच्या पावसात ती थोडीथोडी बसत गेली. पडक्या गढीची पांढरी माती लोकांनी धाब्यावर टाकायला नेली. १८६७ च्या कायद्यानं गावचा पाटील पोलीस पाटील झाला. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरलं.

याच काळात भय कुसाच्या आत येऊन बसलं होतं. निमोण्यापासून करडे काही लांब नाही. डिसेंबर १८७४ मध्ये त्या करड्यात एक गोष्ट घडली, ती शाळेच्या पुस्तकात दख्खनच्या दंग्यांच्या धड्यात चार ओळींत येते. सावकारानं कोर्टाचा हुकूमनामा आणला आणि एका शेतकऱ्याचं घर पाडायला निघाला. लोकांनी विनवण्या केल्या, तो ऐकेना. आता घोड्यावरून येणाऱ्या टोळीला भिंत अडवते. कोर्टाच्या कागदाला कोण अडवणार? गावानं काठी उचलली नाही. त्याच्या दुकानात जायचं बंद केलं. त्याची जमीन कसायला कुणी उभा राहीना. न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार, कुणीच त्याचं काम करीना. घरी चाकरी करायला माणूस मिळेना. सावकारांनी कंटाळून तालुक्याला शिरूरला जायचं ठरवलं, तर बैलगाडी हाकायला गाडीवान मिळेना!

माझ्या मते आपल्या मुलखातल्या सामान्य माणसाच्या स्वसंरक्षणाचा हा फार मोठा प्रसंग आहे, आणि आपण तो विसरलो आहोत. पुढच्या वर्षी, १२ मे १८७५ ला, सुप्याच्या बाजारात वेगळंच घडलं. दुकानं लुटली, खतं जाळली, आणि तो वणवा शिरूर तालुक्यातही आला. तिथेही लोकांचा रोख बहुतांशी कागदांवर होता, माणसांवर नव्हता. तरी आग ती आग. सरकारनं चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी दिलासा देणारा कायदा आला. मात्र करड्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. बहिष्कारात सामील न होणाऱ्यांनाही गावानं वाळीत टाकायचा धाक घातला होता. गावाची एकजूट ज्याच्या बाजूची असते त्याला ती आडोसा वाटते, आणि ज्याच्यावर रोखलेली असते त्याला ती भिंत. पुढे हेच वाळीत टाकणं जातपंचायतींनी स्वतःच्याच दुबळ्या माणसांवर कसं वापरलं, ते आपण पाहिलं. २०१६ मध्ये त्याविरुद्ध महाराष्ट्राला कायदा करावा लागला.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर जरा थांबू, कारण याबाबत लोकांच्या मनात फार गोंधळ आहे. चोर घरात शिरला आणि आपण त्याला मारलं तर आपल्यालाच आत टाकतील, असं सर्रास ऐकू येतं. तसं नाही. १८६० च्या दंडसंहितेत कलम ९६ ते १०६ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क दिला होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात तोच हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मूळ मसुदा मेकॉलेच्या आयोगाचा, १८३७ चा. इथले लोक अंगावर आलेला अन्याय फार मुकाट्यानं सोसतात, तेव्हा प्रतिकाराचा हक्क आवळण्यापेक्षा तो मोकळेपणानं द्यावा, असा त्यांचा विचार होता. आपल्याबद्दलचं हे मत आपल्याला झोंबेल, पण हक्क कामाचा आहे. स्वतःचं शरीर, दुसऱ्याचंही शरीर, आणि मालमत्ता यांच्या बचावासाठी बळ वापरता येतं. जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल, बलात्काराचा हेतू असेल, पळवून नेण्यासाठी हल्ला असेल, ॲसिड फेकण्याचा प्रयत्न असेल, तर प्रतिकारात हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा बचाव करणाऱ्याच्या बाजूनं उभा राहतो. रात्रीच्या घरफोडीलाही हे लागू आहे. अटी दोन मोठ्या. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही. म्हणजे चोर पळाला, पडला, हात जोडले, की हक्क संपला. त्यानंतरची प्रत्येक काठी ही गुन्हा आहे.

ही शेवटची ओळ मी पुस्तकात वाचण्याआधी डोळ्यांनी पाहिली आहे. मी कॉलेजात असताना एका पावसाळ्यात आमच्या भागात चोरांची हूल उठली. रोज नवी बातमी. अमक्या वस्तीवर आले, अंगाला तेल लावून येतात, हातातून निसटतात. प्रत्येक गावात गस्त सुरू झाली. घरटी एक माणूस, रात्रीचे दोन भाग, काठ्या, शिट्ट्या, तीन सेलची बॅटरी. तालमीतली पोरं सगळ्यात पुढे. तालमीबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे, की कुस्तीनं त्या पोरांना पडायचं कसं ते शिकवलं होतं आणि अंगात धीर भरला होता. अंधारात कोण आहे ते ओळखायला मात्र ती उपयोगी नव्हती. तिसऱ्या की चौथ्या रात्री दीडच्या सुमाराला ओढ्याकडून एक माणूस येताना दिसला. शिट्ट्या वाजल्या. आम्ही वीस-पंचवीस जण त्याच्याभोवती. नाव विचारलं तर तो भीतीनं बोलेना. माझ्या हातात काठी होती आणि ती वर गेली होती, हे मी लपवणार नाही.

तेवढ्यात मागून एक म्हातारा आला. त्याच्या घराण्यात पूर्वी जागल्याचं काम होतं. त्यानं बॅटरी माणसाच्या तोंडावरून काढून पायांवर धरली. चिखलानं भरलेले पाय, एक वहाण तुटलेली, ती सुतळीनं बांधलेली. म्हातारा म्हणाला, "चोर असली वहाण घालून येतो व्हय रं? ह्याला पळता तरी येईल का?" मग त्याला चावडीत बसवलं, पाणी दिलं, पोलीस पाटलांना उठवून आणलं. तो शेजारच्या तालुक्यातला शेतमजूर निघाला. शेवटची एसटी चुकली म्हणून चालत निघाला होता.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच माणसांना जमावानं ठार मारलं. भिक्षुकी करून पोट भरणारे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक ते. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलवरून फिरत होती. ती बातमी वाचली त्या दिवशी मला आमची ती रात्र आठवली, आणि बॅटरी खाली धरणारा तो हात आठवला. जुन्या जागल्याला माणूस वाचता येई. आम्हाला नुसतं जमता येत होतं.

जागरणाच्या बाबतीत एक निरीक्षण सांगतो, पटतं का बघा. गावातला सगळ्यात भरवशाचा पहारा बायकांचा होता, आणि त्याची नोंद कुठल्या अहवालात नाही. पहाटे तीन-चारला घरोघरी जाती सुरू होत. चोराला सोयीची म्हणतात ती पहाटेची वेळ, आणि नेमकी त्याच वेळेला गावातली अर्धी माणसं जागी, दिवे लागलेले, एकीच्या जात्याचा आवाज दुसरीला ऐकू येतो आहे. एखाद्या घरचं जातं वाजलं नाही तर शेजारीण सकाळी विचारायला येई. पाण्याला, सरपणाला, ओढ्यावर धुण्याला त्या घोळक्यानं जात, कमरेला विळा असे. पिठाच्या गिरण्या आल्या, पाठोपाठ नळ आले. कष्ट वाचले, फार बरं झालं. पण पहाट मुकी झाली.

वस्तीही पांगली. विहिरी, कालवे आणि उपसा योजनांचं पाणी आलं, ऊस आला, आणि लोक पांढरीतून उठून आपापल्या रानात राहायला गेले. आज निमोण्याच्या बाजूला फिरलात तर निम्मं गाव मळ्यांवर विखुरलेलं दिसेल. घर चांगलं, स्लॅबचं, दारात गाडी, पण हाक मारली तर ऐकायला कुणी नाही. या अडचणीतून जे निघालं ते मला जुन्या हाळीचंच नवं रूप वाटतं. ग्रामसुरक्षा यंत्रणा म्हणून फोनची एक सोय पुणे जिल्ह्यातल्या कित्येक गावांत आहे. एका क्रमांकावर फोन करून बोललात की गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या मोबाइलवर तोच आवाज वाजतो. आग लागली, चोर आले, मूल हरवलं, बिबट्या दिसला. आणि राज्यभरासाठी ११२ क्रमांक आहेच. फोन लावताना नाव, वस्ती आणि जवळची खूण आधी सांगावी, घटना मग, असं मी घरच्यांना सांगत असतो. घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो.

बिबट्याचं नाव निघालं, ते टाळता येणार नाही. उसानं त्याला लपायला बारमाही जंगल दिलं. २००१ च्या सुमारास जुन्नर भागात बिबटे पकडून दुसरीकडे सोडायची मोहीम झाली. त्यानंतर हल्ले घटायच्या ऐवजी वाढले, असं विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवलं. आणि २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्याच पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांत तीन बळी गेले, त्यात दोन लहान मुलं होती. गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जाणाऱ्या बायाबापड्यांची छायाचित्रं तेव्हा सगळ्यांनी पाहिली. बिबट्या मानेला धरतो, म्हणून ती युक्ती. दिसायला विचित्र, पण तिला हसू नये. जंग्या असलेली गढी बांधणाऱ्यानंही असाच विचार केला होता, की शत्रू कुठून येतो आणि कुठे धरतो.

निमोण्याच्या एका मळ्यावर गेल्या हिवाळ्यात रात्री मुक्कामाला होतो. शेतीची वीज रात्रीची होती. साडेअकराला मोटार सुरू करायला नवरा-बायको दोघंही निघाली. एकट्यानं जायचं नाही, हा आता घराचा नियम. तो बारी धरायला वाकणार, म्हणजे तो लहान दिसणार, म्हणून ती उभी राहणार आणि बॅटरी उसाच्या कडेनं फिरवत राहणार. त्यानं जाताना कोपऱ्यातली काठी घेतली, तिला वर चार घुंगरं बांधलेली. त्याच्या आजोबांची काठी, साप-किरडू आवाजानं बाजूला व्हावं म्हणून घुंगरांची. तिनं खुंटीवरचा रेडिओ काढला, आवाज मोठा केला आणि बांधावर ठेवायला बरोबर घेतला. रात्री रेडिओला केंद्र नीट लागत नव्हतं, खरखर जास्त होती. मी म्हटलं, काही ऐकू येत नाही यात. ती म्हणाली, "आपल्याला कुठं ऐकायचंय? त्याला ऐकू गेलं म्हंजे झालं."